फुलोऱ्याच्या शेवटी गांजाच्या झाडाला ताण द्यायचा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॅनडात ओंटारिओमध्ये राहतो, बेसमेंटमध्ये छोटा ग्रो टेंट, म्हणजे आत लाइट लावून झाडं वाढवायचा तंबू आहे, त्यात कायद्याने चालतात तेवढीच चार झाडं. मूळचा वरूडकडचा, घरी संत्र्याची बाग, त्यामुळे पाणी तोडून झाडाला ताण देणं लहानपणापासून बघितलंय. इथल्या मराठी ओळखीच्यांना कळलं की मी गांजाच्या झाडालाही शेवटी ताण देऊन बघितलाय, आणि तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतात. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

आधी सांगा, हे कायदेशीर आहे का?

कुठे राहता त्यावर आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा लागू झाला, एका घरात चार झाडं चालतात. नीट वाचा, घरात चार, माणसामागे चार नाही. नवरा, बायको आणि वर राहणारा मेहुणा मिळून बारा लावली तर तो गुन्हाच. क्यूबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे आणि कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ती बंदी कायम ठेवली. आमच्या ओंटारिओत वय १९ पूर्ण लागतं. भाड्याने राहत असाल तर लीज वाचा, काँडोचे नियम वाचा, नंतर बोंबलू नका. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढाला तीन झाडं चालतात.

भारतातून वाचत असाल तर हे फक्त माहितीसाठी वाचा. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि "एकच तर कुंडी आहे बाल्कनीत" हे ऐकून कोणी सोडत नाही. इथून बी पाठव, तिकडे येताना थोडं आण असलं काही मला विचारू नका, बॉर्डरपलीकडे न्यायला कॅनडाचा कायदाही परवानगी देत नाही.

ताण म्हणजे पाणी द्यायला विसरणं का?

नाही! इथेच सगळे गडबडतात. विसरलात तर झाड सुकतं, ताण देता तेव्हा तुम्ही रोज जाऊन बघत असता. आमच्याकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुटणाऱ्या फुलांसाठी, डिसेंबर-जानेवारीत ओलीत बंद करायचे आणि बाबा रोज सकाळी बागेत जाऊन पानं बघायचे. हात लावायचे नाहीत, नुसतं बघायचे. पानं मलूल झाली, रंग उतरला, थोडी गळायला लागली की म्हणायचे बसला ताण. भारी काळ्या जमिनीत ताण बसायला वेळ लागतो, हलक्या मुरमाड जमिनीत पटकन बसतो, म्हणून शेजाऱ्याने किती दिवस पाणी तोडलं ते विचारून काही उपयोग नसतो. कुंडीतही अगदी तसंच आहे आणि तरी लोक मला पहिला प्रश्न हाच विचारतात, दादा किती दिवस?

पण संत्र्याला ताण फुलं यायला देतात ना? इथे तर फुलं आलेलीच असतात.

बरोबर पकडलंत, दोन्हीचा हेतू वेगळा आहे. संत्रा, लिंबू, डाळिंब यांची पालवी थांबवून झाडाला विश्रांतीत ढकलायचं आणि मग पाणी सोडून एकदम बहार फोडायचा, असं ते गणित आहे. गांजाच्या झाडाला फुलोरा रात्रीच्या लांबीने येतो, टेंटमध्ये लाइट १२ तास चालू १२ तास बंद केला की येतो, त्यात पाण्याचा संबंध नाही. इथला ताण जास्त करून काढणीआधी द्राक्षाचं पाणी कमी करतात तसा आहे, माल तयार होत आला की झाडाला थोडं आवळायचं म्हणजे आतला कस वाढेल ही अपेक्षा.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. मुळाशी पाणी कमी झालं की झाडात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं, पानांची सूक्ष्म छिद्रं बंद व्हायला लागतात, त्यामुळे पाणी वाचतं पण कार्बन डायऑक्साइडही आत कमी येतो आणि वाढ मंदावते. म्हणजे फुलोऱ्याच्या सुरुवातीला ताण दिलात तर फुलं भरणारच नाहीत, सरळ नुकसान. शेवटी दिला तर बहुतेक वजन आधीच बनलेलं असतं आणि फुलांवरच्या त्या चिकट दाणेदार ग्रंथी, ज्यांना सगळे ट्रायकोम म्हणतात आणि ज्यात टीएचसीए-सीबीडीए (नशा आणणाऱ्या टीएचसीचं आणि नशा न आणणाऱ्या सीबीडीचं कच्चं रूप) साठतं, त्यांचं काम अजून चालू असतं. बऱ्याच सुगंधी आणि औषधी झाडांमध्ये बेताच्या ताणाने तेलाचं प्रमाण वाढलेलं दिसलंय, त्यावरूनच ही कल्पना इकडे आली.

याला काही शास्त्रीय आधार आहे की नुसत्या गप्पा?

आधार आहे, पण छोटा. गुएल्फ युनिव्हर्सिटीचे डेरॉन कॅप्लन, माइक डिक्सन आणि यूबिन झेंग यांनी २०१९ मध्ये यावर पेपर छापला. गुएल्फ माझ्या घरापासून फार लांब नाही म्हणून मला उगाच अभिमान, असो. त्यांनी फुलोऱ्याच्या सातव्या आठवड्यात पाणी तोडून कुंडीतलं मिश्रण हळूहळू सुकू दिलं, अकरा दिवस. कॅलेंडर बघत बसले नाहीत, पानं किती झुकली त्या कोनावरून ताण किती बसला ते ठरवलं. ताण दिलेल्या झाडांत टीएचसीएचं प्रमाण १२ टक्क्यांनी आणि सीबीडीएचं १३ टक्क्यांनी जास्त भरलं. तेवढ्याच जागेतून मिळालेलं एकूण टीएचसीए धरलं तर ४३ टक्के जास्त.

बाप रे ४३ टक्के! म्हणजे मलाही मिळणार?

थांबा. लोक नेमका तो ४३ चा आकडा उचलतात आणि पळत सुटतात. तो एकूण उत्पादनाचा आकडा आहे, त्यात सुकलेल्या फुलांचं वजनही आलं. फुलाची तीव्रता वाढली ती १२ टक्के. म्हणजे समजा साधारण १८ टक्के टीएचसी असणारं फूल २० ला टेकेल, इतकंच. आणि हे एकाच जातीच्या झाडांवर, नियंत्रित खोलीत, तापमान-आर्द्रता-प्रकाश सगळं काट्यावर ठेवून केलेलं. तुमच्या माझ्या टेंटमध्ये वरच्या फांदीला आणि खालच्या फांदीला मिळणाऱ्या प्रकाशातच एवढा फरक असतो की १२ टक्के त्यात कुठे हरवले कळणारसुद्धा नाही. लॅबमध्ये तपासून घेतल्याशिवाय "माझं जास्त कडक झालं" हे म्हणणं म्हणजे आपल्याच हातचा चहा आपल्यालाच चांगला लागण्यासारखं आहे. माझं मत विचाराल तर चार झाडंवाल्याने फायद्याच्या आशेने हे करू नये, झाड कसं वागतं ते शिकायला म्हणून करावं आणि एकाच झाडावर करावं. उरलेली तीन नेहमीच्या पाण्यावर, नाहीतर तुलना कशाशी करणार?

नक्की कधी सुरू करायचा?

लाइट १२-१२ केला तो दिवस लिहून ठेवा, तिथपासून मोजा. आठ-नऊ आठवड्यांत तयार होणारी जात असेल तर सहावा आठवडा संपून सातवा लागताना. दहा-अकरा आठवड्यांची असेल तर तेवढं पुढे सरकवायचं, काढणीआधी साधारण दोन आठवडे हातात राहतील असं बघायचं. बियांच्या पाकिटावर लिहिलेले आठवडे फार मनावर घेऊ नका, माझ्याकडे "आठ आठवडे" लिहिलेलं झाड दहा आठवडे बसलं होतं. पाकिटापेक्षा झाड बघा. नवीन पांढरे धागे फुटायचे मंदावले, जुने तपकिरी होऊन आत वळायला लागले, फुलं हाताला घट्ट लागायला लागली, की वेळ जवळ आली. भिंगातून ट्रायकोम काचेसारखे स्वच्छ न दिसता दुधाळ व्हायला लागलेले दिसतील.

माती किती कोरडी झाली ते कसं कळणार, बोट घालून?

बोटाला वरचा दीड-दोन इंच कळतो, खाली काय चाललंय ते नाही. कुंडीचं वजन करा. मी विमानाच्या बॅगा मोजायचा तो हुकवाला काटा वापरतो, भारतात जाताना तेवीस किलोची मारामारी असते म्हणून प्रत्येक घरात असतोच. कापडी कुंडीला दोन कान असतात, त्यातून दोरी घ्यायची, काटा अडकवायचा, उचलायचं, आकडा लिहायचा.

माझी साधारण अकरा लिटरची कापडी कुंडी, पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइटचं (हलके पांढरे खनिजाचे दाणे) मिश्रण. पोटभर पाणी देऊन निथळल्यावर झाडासकट साडेआठ किलो. एरवी साडेपाचला आली की मी पाणी देतो. ताणाच्या वेळी पहिले दोन दिवस रोज किलोभर उतरली, मग उतरणं कमी होत गेलं, म्हणजे झाड पाणी राखायला लागलं, आणि पावणेचारच्या आसपास पानांनी मान टाकली. हे आकडे माझ्या कुंडीचे आहेत हां, तुमचे वेगळे येणार, पण एकदा तुमची भरलेली कुंडी आणि पानं झुकतानाची कुंडी मोजून ठेवली की पुढच्या वेळी अंदाज लावावा लागत नाही.

मग किती दिवस? अकरा ना?

अकरा नाही!! गुएल्फच्या त्या प्रयोगात तेवढे लागले म्हणून तेवढे. मी पहिल्या वेळी हीच चूक केली. पेपर वाचला, अकरा दिवस डोक्यात बसले, चौथ्या दिवशी झाड छान दिसत होतं म्हणून लाँग वीकेंडला मॉन्ट्रियलला गेलो. परत आलो तर खालची पानं पापडासारखी, हातात घेतली की चुरा, फुलांच्या टोकाचे कोवळे भाग सुद्धा वाळलेले. छोटी कापडी कुंडी चारही बाजूंनी सुकते, त्यात हिवाळ्यात हीटर चालू असल्याने बेसमेंटची हवा कोरडी ठक्क. बाबांनी एवढ्या वर्षांत बाग ताणावर असताना गाव सोडलं नव्हतं, ते मला मॉन्ट्रियलहून परत येताना आठवलं नाही, टेंटची चेन उघडल्यावर आठवलं.

आता मी अधूनमधून घोटभर पाणी देतो, दिवसाला पाव लिटर वगैरे, म्हणजे सुकणं लांबतं आणि झाडाला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. एकदम कोरडं पडलं तर झाड नुसतं कोसळतं. सावकाश सुकलं तर ते पेशींमध्ये साखर-क्षार वगैरे साठवून पाणी धरून ठेवायचा प्रयत्न करतं.

पानं कुठपर्यंत झुकू द्यायची?

रोज एकाच वेळी बघा, लाइट लागल्यावर दोन-तीन तासांनी. मोठी पानं एरवी आडवी किंवा किंचित वर उचललेली असतात. ती खाली झुकली, देठ लवले, हाताला पान मऊ लागतंय पण चुरचुरत नाही, बस तिथे थांबायचं. फुलांजवळची छोटी पानं पण लोंबायला लागली तर तुम्ही पुढे गेलात. अजून एक खूण सांगतो, लाइट बंद असताना झाड सावरलं पाहिजे. रात्रभर अंधारात राहून सकाळीही मान खालीच असेल तर वाट बघू नका, पाणी द्या.

आणि फोटो काढा, रोज एकाच कोनातून. डोळ्याला काल आणि आजचा फरक कळत नाही, फोटोत कळतो. पण एक बघा, पानं झुकणं जास्त पाण्यानेही होतं! मुळं गुदमरली तरी झाड मलूल दिसतं. म्हणूनच वजन आणि पान दोन्ही बघायचं. पान झुकलंय आणि कुंडी जड आहे म्हणजे तो ताण नाही, ती दलदल.

ताण तोडताना, म्हणजे परत पाणी सुरू करताना, काय काळजी घ्यायची?

हा भाग लोक उरकतात आणि इथेच वाट लागते. वाळलेलं पीट पाणी पीत नाही. वरून तांब्याभर ओतलंत तर कुंडीच्या कडेने सरळ खालच्या ट्रेमध्ये येतं आणि तुम्हाला वाटतं झालं ओलं, मधला गोळा आत तसाच ठणठणीत. आमच्याकडे ताण तोडताना पहिलं पाणी नेहमी हलकं द्यायचे, मग चार-पाच दिवसांनी दुसरं थोडं जास्त, मग भरपूर. इथे तेच काम काही तासांत करायचं असतं. अर्धा लिटर सगळीकडून हळूहळू, वीस मिनिटं थांबा, परत अर्धा लिटर, परत थांबा. ट्रेमध्ये उतरलेलं पाणी लगेच फेकू नका, तासभर खालून पिऊ द्या, उरलं तर काढा. शेवटी वजन करा. भरलेल्या कुंडीच्या आकड्याजवळ आली तर ओली झाली, नाहीतर नाही.

त्यानंतर काढणीपर्यंत नेहमीचं पाणी, वाफसा राहील एवढं. वाफसा हा शब्द इथल्या कॅनडियन मित्राला समजावताना माझी जाम दमछाक झाली, ओलही हवी आणि हवाही हवी याला त्यांच्याकडे एक शब्दच नाही.

ताण चालू असताना खत द्यायचं का?

साधं पाणी. कुंडी सुकते तेव्हा पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात, म्हणजे मुळाभोवतीचं पाणी आपोआप खारट होत जातं. त्यात अजून खताचं पाणी ओतलंत तर पानांची टोकं जळणारच, आणि मग ती ताणाने जळली की खताने हे भांडण सोडवायला कोणी येत नाही. मी ताण सुरू करायच्या आधीच्या दोन पाण्यांमध्येच खत अर्ध्यावर आणतो.

माझी झाडं अंगणात आहेत, तिथे जमेल?

ओंटारिओत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंगणात ताण? पाऊस काय तुम्हाला विचारून येतो का. तिथे खरी भीती सुकण्याची नसतेच, दव आणि पावसाने गच्च फुलांच्या आत राखाडी बुरशी लागते तिची असते. अंगणवाल्यांनी ताण विसरा, रोज फुलं उघडून आत बघा.

हायड्रोपोनिक्समध्ये मुळं सरळ पाण्यात सोडलेली असतील तर हळूहळू सुकवणं जमतच नाही, नादी लागू नका. ऑटोफ्लॉवरला, म्हणजे लाइटच्या तासांवर न थांबता आपोआप फुलणाऱ्या जातीला, मी ताण कधी दिला नाही, त्याचे आठवडे मोजायला सुरुवातीचा पक्का दिवसच नसतो.

ताणामुळे झाड नर होतं म्हणतात, खरं का?

झाड नर होत नाही, मादी झाडावर काही नर फुलं येऊ शकतात. कुठल्याही जबर ताणाने, म्हणजे रात्री लाइट आत येणं, जास्त उष्णता, पाणी पार तुटणं, ज्या जातीत ती खोड आहे तिच्यात ती वर येते. फुलांच्या मधून छोट्या पिवळ्या केळ्यांसारखं काहीतरी डोकावताना दिसलं तर तेच. चिमट्याने काढा आणि दुसऱ्या झाडांपासून ते लांब करा, परागकण उडाले तर चारही झाडांत बिया भरतील. ज्या जातीत आधी एकदा असं दिसलंय तिला ताण देऊच नका.

शेवटी ४८ तास अंधार, बर्फाचं पाणी, खोडात खिळा, याबद्दल काय?

खिळा ठोकणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. जिवंत झाडाच्या खोडात जखम करून वर बुरशीला आमंत्रण द्यायचं, कशासाठी? बर्फाच्या पाण्याने मुळं आखडतात, रंग थोडा जांभळट आला तर तो थंडीमुळे आणि जातीमुळे. अंधाराने काही बिघडत नाही, पण काही मिळतं याचा भरवशाचा पुरावा मी पाहिलेला नाही.

ताण दिलेलं फूल वाळवायला वेगळं काही?

नाही. झाड झुकलेलं असलं तरी फुलात भरपूर पाणी असतं, त्यामुळे "आधीच अर्धं वाळलंय" समजून दोन दिवसांत बरणीत भरू नका. अठरा अंशांच्या आसपास, साठ टक्के आर्द्रता, अंधार, थोडी हलती हवा, दहा ते चौदा दिवस. बारीक काडी वाकवली की कट्टकन मोडली पाहिजे. मग काचेच्या बरणीत, पहिला आठवडा रोज झाकण उघडून हवा द्यायची. खरं सांगू का, चव आणि वास जातो तो बहुतेक वेळा घाईघाईत वाळवल्याने, आणि तिथे सुधारणा केलीत तर ताणाच्या भानगडीपेक्षा जास्त फरक पडेल.

जास्त कडक झालं तर त्रास होईल का?

घरच्या फुलावर टक्केवारीचं लेबल नसतं, त्यामुळे नेमकं किती कडक हे तुम्हाला माहीतच नसतं, ताण दिला असो नसो. कमी घ्या, वाट बघा, खायच्या पदार्थात घातलं तर दोन-दोन तास वाट बघा कारण ते उशिरा चढतं. गाडी चालवायची नाही. घरात मुलं असतील तर बरणीला कुलूप, टेंटलाही कुलूप. आणि गरोदर असताना नाही, घरात कोणाला मानसिक आजाराचा इतिहास असेल तर विचारसुद्धा नको. तेल काढायला ब्यूटेनसारखी ज्वलनशील द्रावकं घरी वापरणं कॅनडात बेकायदा आहे, आणि लोकांची बेसमेंटं उडालीयत त्यात.

पहिल्यांदाच लावतोय, ताण देऊ का?

नको. पहिल्या पिकात नीट पाणी द्यायला शिका, कुंडीची वजनं वहीत लिहा. दुसऱ्या पिकात एका झाडावर बघा.

घरी बाबांना सांगितलंय का हे?

आईला नाही. बाबांना सांगितलं, इथे कायद्याने चालतं हे पटायला त्यांना दोन फोन लागले. तिसऱ्या फोनला त्यांनी विचारलं कुंडी केवढी आहे, मी म्हटलं अकरा लिटर. थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, अरे बादलीएवढ्या मातीत ताण कसला देतोस, तो तर रात्रीतून बसेल, आणि मग विषय बदलून यंदा मृग बहार धरायचा की आंबिया ते सांगत बसले.